स्कूटरचं अनुदान तुम्हाला मिळालं की डीलरला? कागद असे तपासा

इलेक्ट्रिक स्कूटर घेताना लोक रेंज विचारतात, बॅटरीची वॉरंटी विचारतात, आणि अनुदानाचा विषय काढला की काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "ते यात धरलंय." तेवढ्यावर बहुतेकांचं समाधान होतं. माझं होत नाही. इचलकरंजीत एका कर सल्लागाराच्या ऑफिसात माझं निम्मं आयुष्य दुकानदारांची बिलं बघण्यात गेलं. "धरलंय" म्हणून तोंडी सांगितलेली रक्कम बिलात सापडली नाही, तर ती कुणाच्या तरी खिशात सापडते, एवढं त्यातून कळलं. म्हणून घरातलं किंवा शेजारपाजारचं कुणी गाडी घ्यायला निघालं की कागद आधी माझ्याकडे येतात. मी ते कसे बघते, ते सांगते.

पहिल्यांदा हे पैसे कुठून कुठे जातात ते समजून घ्या. केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना १ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली, तरतूद १०,९०० कोटी रुपयांची. त्याआधी फेम-२ होती, एप्रिल २०१९ ते मार्च २०२४, आणि मधले सहा महिने ईएमपीएस नावाची तात्पुरती योजना. तिन्हींची पद्धत एकच: अनुदान गाडीच्या किमतीतून जागेवरच वजा होतं. कंपनी तुम्हाला तेवढी स्वस्त गाडी देते आणि नंतर अवजड उद्योग मंत्रालयाकडे दावा लावून ते पैसे सरकारकडून घेते. म्हणजे हातात पैसे पडतात कंपनीच्या, पण ते तुमच्या नावावर. तुमचं नाव, तुमचा आधार, तुमच्या गाडीचा चासी नंबर यांशिवाय तो दावा उभाच राहत नाही. म्हणूनच विचारायचा हक्क तुमचा.

यातून पहिली चाळणी तयार होते. डीलर जर म्हणाला, "आत्ता पूर्ण पैसे भरा, केंद्राचं अनुदान दोन महिन्यांत तुमच्या खात्यात येईल," तर तिथून उठा. केंद्राच्या योजनेत अशी पद्धतच नाही. तसंच, वीस-पंचवीसच्या वेगानं चालणारी, नंबर प्लेट न लागणारी स्कूटर "सबसिडीत" विकणारा खोटं बोलतोय. ज्या गाडीची आरटीओत नोंद होत नाही, तिला केंद्राचं अनुदान नाही. आणि घरची मोटार घेणाऱ्याला कुणी "केंद्राची सबसिडी वजा करून" असा भाव सांगितला, तर पीएम ई-ड्राइव्हमध्ये खासगी मोटारीला अनुदान नाही, हे त्याला हसून सांगा. राज्याचं धोरण वेगळं, त्याबद्दल पुढे.

रक्कम स्वतः काढा

अनुदान बॅटरीच्या क्षमतेवर ठरतं. पीएम ई-ड्राइव्हमध्ये दुचाकीसाठी पहिल्या वर्षी, म्हणजे मार्च २०२५ पर्यंत, एका किलोवॉट-तासाला ५,००० रुपये आणि एका गाडीला जास्तीत जास्त १०,००० असा दर होता. १ एप्रिल २०२५ पासून तो निम्मा झाला: २,५०० रुपये, कमाल ५,०००. तेव्हा ३ किलोवॉट-तासाच्या बॅटरीवर आधी हिशेबानं १५,००० यायचे पण १०,००० वर अडायचे, नंतर ७,५०० यायचे आणि ५,००० वर अडायचे. योजनेची दुचाकीसाठीची मुदत मूळ अधिसूचनेत मार्च २०२६ पर्यंतची. त्यामुळे तुमच्या खरेदीच्या दिवशी कुठला दर लागू आहे, मुळात लागू आहे का, आणि तुमचं मॉडेल पात्र यादीत आहे का, हे योजनेच्या पोर्टलवर स्वतः बघून मगच शोरूममध्ये पाय ठेवा.

बॅटरीची क्षमता जाहिरातीवरून घेऊ नका. एकाच नावाच्या स्कूटरचे दोन-तीन प्रकार असतात. कोटेशनवर प्रकाराचं पूर्ण नाव लिहून घ्या आणि तेच बिलावर आणि आरसीवर आलंय का पाहा. मोठ्या बॅटरीच्या प्रकाराचे कागद आणि लहान बॅटरीची गाडी, हा घोळ तालुक्याच्या सब-डीलरकडे जास्त होतो. तिथं बिल मुख्य डीलरच्या नावानं फाटतं आणि गाडी दुसराच माणूस देतो.

दुसरी पावती

खरी गंमत इथं आहे. अनुदान चोरायचं म्हणजे बिलात ते दाखवायचंच नाही, असं लोकांना वाटतं. तसं कच्चा माणूस करतो. मुरलेला माणूस अनुदान पक्क्या बिलात चोख दाखवतो आणि दुसऱ्या कागदावर परत घेतो.

माझ्या पुतणीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये स्कूटर बुक केली, ३ किलोवॉट-तासाची. पक्क्या बिलाच्या नमुन्यात १०,००० रुपये वजा, सगळं स्वच्छ. सोबत एक चिठ्ठी होती, वर "एस्टिमेट" लिहिलेलं, जीएसटी नंबर नाही. त्यात हँडलिंग २,५००, अ‍ॅक्सेसरी किट ४,९००, आणि "कनेक्टेड पॅक", म्हणजे गाडी मोबाइलशी जोडायच्या सॉफ्टवेअरच्या सोयी, २,६००. बेरीज करा. मी केली आणि चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली. बरोबर १०,०००, एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही. इतकी सुबक बेरीज योगायोगानं होत नाही हो.

तिला मी एवढंच सांगितलं: भांडू नकोस, "हे तिन्ही आयटम पक्क्या बिलात जीएसटीसकट घाला, मी लगेच पैसे देते" म्हण. हँडलिंग तिथल्या तिथं गळलं, कारण त्याला बिलात काय म्हणून दाखवणार? किट ऐच्छिक निघाली. ती नको म्हणाली. आणि कनेक्टेड पॅक कंपनीच्या साइटवर त्या प्रकारात आधीच समाविष्ट होता.

कुठल्याही जादा रकमेला हाच प्रश्न विचारा. गाडीवर जीएसटी ५ टक्के, बिलावर दुचाकीचा एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीत वस्तूचा प्रकार दाखवणारा आकडा, ८७११ नं सुरू होणारा. अ‍ॅक्सेसरीवर कर लावलाच नसेल तर ती कच्ची पावती आहे, मग तिच्यावर कितीही सुंदर लोगो असो. जीएसटी नंबर खरा की खोटा हे जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करता दिसतं, करदाता शोधा या पानावर. नंबर टाकला की व्यापाऱ्याचं नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, दोन्ही समोर येतं.

चार्जरकडे विशेष लक्ष द्या. ही साधी डीलरची चलाखी नव्हे, याला इतिहास आहे. फेम-२ मध्ये दीड लाखांपर्यंतच्या कारखाना-किमतीच्याच दुचाकीला अनुदान होतं. गाडी त्या रेषेच्या आत बसावी म्हणून चार्जर आणि सॉफ्टवेअरचे पैसे वेगळे घेतले जातात, असा आक्षेप आला. अखेर मे २०२३ मध्ये ओला, एथर, टीव्हीएस आणि हिरो मोटोकॉर्प या चार मोठ्या कंपन्यांनी ग्राहकांना चार्जरचे पैसे परत करायचं मान्य केलं. कोट्यवधी रुपये होते ते. चार्जर गाडीसोबत आहे की वेगळा, हे कोटेशनवरच लिहून घ्यायचं ते यासाठी.

दुसरा मोठा वाद सुट्या भागांचा होता. गाडीचे ठरावीक भाग देशातच बनलेले असावेत अशी फेम-२ ची अट. ती मोडून अनुदान घेतल्याच्या आरोपावरून मंत्रालयानं सात कंपन्यांकडून ४६९ कोटी रुपये परत मागितले. २०२४ मध्ये त्यांपैकी तीन कंपन्यांवर गंभीर फसवणूक तपास कार्यालयानं, म्हणजे एसएफआयओनं, झडत्या घेतल्या. तो कंपनी आणि सरकार यांच्यातला मामला. त्यात ग्राहकानं काही तपासावं अशी अपेक्षा नाही आणि ते शक्यही नाही. मात्र अनुदान थांबलं म्हणून कंपनी नंतर तुमच्याकडे फरक मागू लागली, तर देऊ नका. बिलावरची किंमत ठरली ती ठरली.

आरटीओच्या नावाखाली जे घेतात त्याबद्दलही थोडं. विजेवरच्या गाडीला नोंदणी शुल्क माफ आहे, केंद्राची ऑगस्ट २०२१ ची अधिसूचना आहे. महाराष्ट्राच्या ईव्ही धोरणात मोटार वाहन करही माफ. मग "पासिंगचे आठ हजार" कशाचे? विमा वेगळा दाखवायचा, कर्ज असेल तर बोजा चढवायचं शुल्क लागतं, किरकोळ कार्डाचा खर्च असतो. बाकी जे असेल त्याची सरकारी पावती मागायची आणि पावतीवर जेवढं तेवढंच द्यायचं.

राज्याचं धोरण २०२५ चं आहे, मार्च २०३० पर्यंतचं. त्यात दुचाकीला किमतीच्या १० टक्के, कमाल १०,००० रुपये असं प्रोत्साहन आहे, आणि मोटारींसाठीही तरतूद आहे. ही रक्कम केंद्राच्या अनुदानात मिसळू देऊ नका. कोटेशनवर दोन वेगळ्या ओळी हव्यात. डीलर म्हणाला राज्याचं नंतर मिळेल, तर कोण देणार, कशावर अर्ज केला, अर्जाचा नंबर काय, हे त्याच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासह घ्या. लिहून द्यायला टाळाटाळ झाली की ती रक्कम मिळणारच नाही असं धरून भाव करा.

तुमचा आधार, तुमचं व्हाउचर

पीएम ई-ड्राइव्हमध्ये ई-व्हाउचर आलं, ही मला सगळ्यात आवडलेली सुधारणा. गाडी घेताना आधारवर तुमची ओळख पटवतात, तुमच्या नोंदवलेल्या मोबाइलवर व्हाउचरची लिंक येते. ते उतरवून तुम्ही सही करायची, डीलरला द्यायचं, मग डीलर सही करून पोर्टलवर चढवतो. दोघांच्या सहीचं व्हाउचर पुन्हा तुम्हाला एसएमएसवर येतं. त्याच्याशिवाय कंपनीला सरकारकडून पैसे मिळत नाहीत.

म्हणून तीन गोष्टी. ओटीपी काउंटरवर ओरडून सांगायचा नाही, तो कशासाठी आलाय तो मेसेज आधी वाचायचा. मोबाइल नंबर तुमचाच टाकलाय का ते स्क्रीनवर पाहायचं. बरेच सेल्समन घाईत स्वतःचा टाकतात, आणि मग व्हाउचर तुम्ही कधी बघतच नाही. आणि कोऱ्या किंवा अर्धवट व्हाउचरवर सही नाही. गाडीचं मॉडेल, तारीख आणि अनुदानाची रक्कम बिलाशी जुळली की मगच.

एका आधारवर एकच गाडी, असा नियम आहे. यामुळे दुसऱ्याच्या नावावर गाड्या "विकून" दावे लावणाऱ्याला इतरांचे आधार लागतात: नोकरांचे, नातेवाइकांचे, कधी नुसती चौकशी करून परत गेलेल्या माणसाचे. टेस्ट राइडला आधारची झेरॉक्स मागितली तर लायसन्स दाखवा. झेरॉक्स द्यावीच लागली तर मास्क्ड आधारची, म्हणजे शेवटचे चारच आकडे दिसणाऱ्या आधारची, द्या आणि तिच्यावर तारीख आणि कारण लिहा. संशय आला तर यूआयडीएआय, म्हणजे आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या साइटवर आधारच्या वापराचा इतिहास बघता येतो, मागच्या सहा महिन्यांचा. तुम्ही आधार कुठंच वापरला नव्हता त्या दिवशी ओळख पटवल्याची नोंद निघाली, तर त्या पानाचा स्क्रीनशॉट हाच पुरावा.

याची दुसरी बाजू गाडी घेणाऱ्याकडे येते. कुणाच्या तरी नावावर आधीच चढवलेली गाडी "डेमो पीस, फक्त शंभर किलोमीटर" म्हणून नवीच्या भावात दिली जाते. पैसे देण्यापूर्वी चासी नंबर बघा आणि तो सरकारच्या 'वाहन' नावाच्या नोंदणी प्रणालीत आधी नोंदलेला आहे का ते आरटीओत किंवा डीलरसमोर बसून तपासा. आरसी हातात आली की त्यावर मालक क्रमांक १ आहे का पाहा.

गडबड सापडली तर

आधी डीलरला लेखी, ई-मेलवर. फोनवरचं बोलणं कामाचं नाही. त्यात बिल नंबर, चासी नंबर, अनुदान किती हवं होतं, किती वजा झालं आणि कुठल्या पावतीनं परत घेतलं, एवढंच. रागाचं एक वाक्यही नको. प्रत कंपनीच्या ग्राहक सेवेला द्या. माझ्या अनुभवात निम्मी प्रकरणं इथंच मिटतात, कारण डीलरपेक्षा कंपनी मंत्रालयाला जास्त घाबरते.

नाही मिटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीतही बोलता येतं. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. अनुदानाच्या दाव्याबद्दल संशय असेल तर सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर अवजड उद्योग मंत्रालय निवडून तक्रार टाका. तिथं तक्रार २१ दिवसांत निकाली काढायचं धोरण आहे. आधारचा गैरवापर झाला असेल तर पोलिसांकडे अर्ज हवाच, त्याशिवाय बाकीचे कुणी हलत नाहीत.

"माझ्या चासी नंबरवर प्रोत्साहनाचा दावा झाला आहे का, कधी, किती रकमेचा" हा प्रश्न मंत्रालयाला माहितीच्या अधिकारात विचारता येतो. शुल्क १० रुपये, उत्तराला ३० दिवस. प्रश्न स्वतःच्या गाडीपुरताच ठेवा. "या डीलरचे सगळे दावे द्या" म्हणालात तर त्रयस्थ व्यक्तीची माहिती म्हणून नकार येईल.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवरून भरता येतो. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. जुनं बिल घेऊन कुणी माझ्याकडे आलं की मी रकमेच्या आधी तारीख बघते.