कमीत कमी तामझामात मराठी ब्लॉग कसा सुरू करावा

मुंबईत लिहिणाऱ्याला निवांत टेबल क्वचितच मिळतं. कल्याण किंवा विरारहून येताना बसायला जागा मिळाली, तर मोबाइलवर दोन परिच्छेद होतात. तेवढ्यात प्लॅटफॉर्मने थीम निवडा, प्लगिन अपडेट करा असा लकडा लावला, की लिहायची उमेद तिथेच जाते. मजकूर घेणारी आणि नीट मांडणारी साधी जागा मराठी लेखकाला पुरते, असं माझं ठाम मत आहे.

आधी जागा निवडा. फक्त एखादा लेख टाकून लिंक पाठवायची असेल, तर टेलिग्राम ॲपवाल्यांची २०१६ मध्ये आलेली टेलिग्राफ ही साइट पुरेशी आहे. तिला खातंसुद्धा लागत नाही. नियमित लिहायचं असेल तर मी बेअर ब्लॉग हा साधा ब्लॉग-प्लॅटफॉर्म सुचवेन. दक्षिण आफ्रिकेतल्या हर्मन मार्टिनस यांनी तो २०२० मध्ये सुरू केला. जाहिराती नाहीत, वाचकावर पाळत नाही आणि पानं इतकी हलकी, की रेंज जेमतेम असतानाही उघडतात. फोटो थेट चढवायचे असतील तर मात्र पैसे भरावे लागतात. खातं उघडण्यापूर्वी तिथला एखादा ब्लॉग मोबाइलवर वाचून बघा.

खातं उघडायला ई-मेल, पासवर्ड आणि ब्लॉगचं नाव एवढंच लागतं. नाव घाईने ठरवू नका, कारण तेच तुमच्या पत्त्यात येतं.

आता पहिली पोस्ट. मराठी लिहिणाऱ्याने इथे थोडं सावध राहावं. शीर्षक खुशाल देवनागरीत द्या, पण पोस्टची लिंक स्वतः रोमन अक्षरांत, छोटी लिहा. देवनागरी लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की बरेचदा टक्केचिन्हांची माळ होते. एकट्या ‘मुंबई’ शब्दाची त्यात ४५ चिन्हं होतात. अशी लिंक बघून वाचक ती उघडायला बिचकतो.

मजकूर मार्कडाउनमध्ये लिहायचा, म्हणजे मांडणी साध्या चिन्हांनी दाखवायची. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मांडलेली ही पद्धत पाच मिनिटांत हाताला बसते. ओळीच्या सुरुवातीला दोन हॅश (##) आणि एक स्पेस दिली की उपशीर्षक होतं. स्पेस विसरलात तर हॅश तसेच दिसतात. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे (**) दिले की तो ठळक होतो. क्रमांकाची यादी करताना कीबोर्ड बदलून इंग्रजी आकडा घ्या. मराठी ‘१.’ लिहिलं तर मार्कडाउनला बरेचदा ती यादी वाटत नाही, सगळ्या ओळी एकमेकींना चिकटतात. तिरकी अक्षरं शक्यतो टाळा, देवनागरीला ती शोभत नाहीत.

सजावटीत एकच बदल आवर्जून करा: दोन ओळींमधलं अंतर वाढवा. वरच्या मात्रा, रफार आणि खालचे उकार यांना जागा लागते. स्टाइलच्या खिडकीत ओळीची उंची (line-height) १.७ किंवा १.८ केली की मोबाइलवरचा मजकूर एकदम मोकळा दिसतो. तिथे इंग्रजी आकडेच टाका. रंग, फॉन्ट वगैरे नंतर कधीतरी.

वाचकांना आरएसएसची लिंक द्या, म्हणजे नवी पोस्ट त्यांच्या वाचनाच्या ॲपमध्ये आपोआप दिसते. ज्यांना ते ठाऊक नाही त्यांना व्हॉट्सॲपवर पोस्ट पाठवा. दिवाळी अंकाची वाट बघत पडून राहिलेला लेखही इथे आजच वाचकापर्यंत जातो.

आणि प्रत स्वतःजवळ ठेवाच. लोकांची वेबपानं ठेवणारं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, पोस्टरस हा ब्लॉग-प्लॅटफॉर्म २०१३ मध्ये. साध्या, आवडत्या जागाही बंद पडतात. प्रत्येक पोस्ट साध्या टेक्स्ट फाइलमध्ये जपा. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा, म्हणजे फोल्डरमध्ये सगळ्या पोस्ट आपोआप क्रमाने लागतील आणि उद्या दुसरीकडे जायचं झालं तर तेवढा फोल्डर उचलला की झालं.