गवताचा तुटवडा आणि घोडा : या चुका टाळा

गवत संपत आलं की मला फोन येतो. संपायच्या दीड महिना आधी आजवर एकाचाही आलेला नाही. पावसाने दगा दिला, कापलेलं गवत शेतातच भिजलं, ठरलेला व्यापारी फिरला, कारण काहीही असो, पलीकडचं वाक्य तेच: "दोन दिवसांचंच उरलंय, काय करू?" मी घोडे पाळले आणि काही वर्षं गवत विकलंही, त्यामुळे दोन्ही बाजूंचे घोळ पाहून झालेत. तुटवड्याने घोडे बारीक होतात, ते भरून येतात. मालकाने घाईत काढलेल्या तोडग्याने जे बिघडतं, ते भरून यायला वर्ष जातं. कधी येतही नाही.

गवत कमी केलं आणि चंदी वाढवली

ही सगळ्यांची लाडकी चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलतो.

एक नवा घोडेवाला होता. हुशार माणूस, सगळं वहीत लिहून ठेवणारा. त्याचा घोडा साधारण ४०० किलोचा, रोज ८ किलो वाळलेलं गवत आणि दोन वेळा मिळून अडीच किलो चंदी, म्हणजे दाणा, खायचा. गवत संपत आलं तेव्हा त्याने गवत ३ किलोवर आणलं आणि चंदी थेट ५ किलो केली. ऊर्जेचा हिशेब कागदावर चोख होता. मला अभिमानाने दाखवलाही. मी म्हटलं, "घोडा कागद खात नाही." त्याला ते फारसं आवडलं नाही.

तिसऱ्या दिवशी घोडा गव्हाणीचं लाकूड कुरतडू लागला, स्वतःची लीद हुंगून खाऊ लागला. याला वाटलं, सवय लागली असेल. पाचव्या रात्री पोटशूळ. घोडा जमीन खोदतोय, वळून कुशीकडे बघतोय, लोळतोय. डॉक्टर आले, नाकातून नळी घातली, पहाटेपर्यंत निभावलं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. दोन दिवसांनी पुढचे दोन्ही खूर तापले आणि घोडा पुढचे पाय लांब टाकून मागे रेलून उभा राहिला. लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थराची सूज. पुढचे कित्येक महिने नालबंद आणि डॉक्टर यांच्या फेऱ्या, सवारी बंद.

आता हिशेब माझा ऐका. रोजचे ५ किलो गवत वाचवलं, पाच दिवसांत २५ किलो. दोन गठ्ठेसुद्धा नाहीत.

असं का होतं? घोड्याचं जठर त्याच्या देहाच्या मानाने अगदी लहान, जेमतेम ८ ते १५ लिटरचं, आणि त्यात आम्ल चोवीस तास पाझरत असतं. ते शमवणारी लाळ सुटते फक्त चावताना. एक किलो गवत चावायला घोड्याला साधारण ४० मिनिटं लागतात, तेवढाच दाणा दहाएक मिनिटांत संपतो. म्हणजे गवत कमी केलं की पोटही रिकामं आणि तोंडही रिकामं. वर एका वेळी जास्त दाणा घातला की त्यातलं पिष्ट लहान आतड्यात पुरतं पचत नाही, मागच्या मोठ्या आतड्यात उतरतं. तिथे तंतू पचवणारे जिवाणू राहतात. त्यांच्या घरात अचानक आम्ल होतं, ते मरतात, आणि त्यातून सुटलेलं विष रक्तातून थेट खुरांपर्यंत पोचतं.

माझी सवय अशी: तुटवड्यात चंदी वाढवायची नाही. उलट काम कमी करून चंदीही थोडी उतरवतो. गवत किंवा त्याची जागा घेणारा तंतुमय चारा, शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्याच्या खाली जाऊ देत नाही. ४०० किलोच्या घोड्याला कोरडं धरून ६ किलो. आणि त्यातला मोठा वाटा रात्री, कारण घोड्याला सगळ्यात लांब उपास आपण झोपलेले असतानाच घडतो.

गठ्ठे मोजणं

"शंभर गठ्ठे आहेत." बरं, पण किती किलो? गठ्ठा हे माप नव्हे. अठरा किलोचा म्हणून घेतलेला गठ्ठा तुटवड्याच्या काळात हमखास तेरा-चौदाचा निघतो, कारण दोरी तेवढीच राहते आणि आतलं गवत सैल होतं. शंभर गठ्ठ्यांत साडेचारशे किलोचा फरक पडला, तर सहा घोड्यांचा नऊ दिवसांचा चारा हवेत गेला. एक लटकवायचा काटा घ्या आणि येणाऱ्या मालातले दहा गठ्ठे तोला. मी तबेल्याच्या दारावर खडूने उरलेले दिवस लिहितो. गठ्ठे नाही, दिवस. आकडा ४५ वर आला की नवा माल शोधायला लागतो, कारण जुनं गवत शिल्लक असतानाच नवं आणायचं असतं. दोन्ही मिसळत मिसळत दहा ते चौदा दिवसांत बदल करायचा. जुनं संपवून मग नवं आणणाऱ्याचं कसं, वरातीमागून घोडं.

जमिनीवर टाकलेलं गवत

नवा चारा शोधण्याआधी आहे तो कुठे जातो ते बघा. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाने घेतलेल्या चाचण्यांत छोट्या गठ्ठ्यांचं गवत जमिनीवर टाकल्यावर १३ टक्के वाया गेलं, फळ्यांच्या बंदिस्त गव्हाणीत फक्त १ टक्का. मोठा गोल गठ्ठा उघड्यावर ठेवला तर ५७ टक्के. निम्म्याहून जास्त पायदळी! गव्हाण नसेल तर बारीक भोकांची जाळी वापरा, खाणं लांबतंही. नाल मारलेल्या घोड्याची जाळी मात्र उंच बांधा, खूर अडकला तर नवीनच प्रकरण.

दातही बघून घ्या. म्हातारा घोडा चावून चावून गवताचे बोळे टाकत असेल, तर तुम्ही गवत घोड्याला घालत नाही, जमिनीला घालताय.

गुरांना चालतं ना, मग?

नाही चालत. गाय रवंथ करते, घोडा करत नाही. शिवाय घोड्याला ओकता येत नाही, जे आत गेलं ते गेलं. गुरांच्या काही तयार खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गुरं जेवढं पचवतात त्याच्या दहाव्या हिश्शाने घोड्याच्या हृदयाचे स्नायू मरतात. "थोडंसंच घातलं" हे वाक्य मला ऐकवू नका. गुरांसाठी केलेला मुरघासही (हवाबंद आंबवलेला चारा) नको, त्यातून होणाऱ्या बोट्युलिझमला, म्हणजे जिवाणूंच्या विषाने येणाऱ्या लुळेपणाला, घोडा फार लवकर बळी पडतो.

हिरवळीवर यंत्र फिरवून निघालेला कापलेला लगदा: कधीच नाही. काही तासांत तापतो, आंबतो.

ज्वारीचं कोवळं किंवा पाण्याविना करपलेलं पीक: त्यात सायनाइड तयार होतं. हात लावू नका.

कोंडा पोटभर घालणं: त्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट. शरीर मग हाडांतून कॅल्शियम ओढतं आणि चेहऱ्याची हाडं सुजतात. गिरणीवाल्यांच्या घोड्यांना हे इतकं व्हायचं की त्या आजाराचं नावच 'मिलर्स डिसीज' पडलं.

मग घालायचं काय? गव्हाचं किंवा ओटचं स्वच्छ काड, हळूहळू वाढवत एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. पुस्तकं अर्ध्यापर्यंत जातात, मी जात नाही. सोबत पाणी भरपूर आणि मीठ, नाहीतर काड आतड्यात गच्च बसतं. जवाचं कुसळवालं काड तोंड सोलतं, ते टाळा. लसूणघास उत्तम, त्यातलं कॅल्शियम जठरातलं आम्लही शमवतं, पण एकदम पोतंभर नव्हे. गवताच्या दाबलेल्या कांड्या मिळाल्या तर वजनास वजन बदला आणि भिजवूनच घाला. कोरड्या कांड्या अधाशी घोड्याच्या अन्ननलिकेत अडकतात.

बुरशीचं गवत उन्हात घालून

बुरशी दिसेनाशी होते, विष राहतं. भिजवल्याने धूळ बसते, बाकी काही होत नाही. गठ्ठा उघडताच नाकात कुबट वास आला किंवा धुरासारखी पूड उडाली, तर तो परत. मिळत नाही म्हणून काहीही घेणारे लोक नंतर घोड्याच्या खोकल्यावर जो खर्च करतात, त्यात चांगलं गवत दुप्पट भावाने आलं असतं.

विकणाऱ्यांनो, तुमच्याकडे येतो

तुटवड्यात ओलं गवत बांधायचा मोह सगळ्यांना होतो. मलाही झाला. गिऱ्हाईक दारात उभं, आकाशात ढग, आणि गवतात अजून एका दिवसाचा ओलावा. छोट्या गठ्ठ्यात तो १८ टक्क्यांच्या आत हवा हे ठाऊक असूनही मी बांधून घेतलं आणि गोदामात छतापर्यंत रचलं. बाराव्या दिवशी आत शिरलो तर गोडसर, जळक्या साखरेसारखा वास. मला वाटलं, काय छान वाळलंय! सुदैवाने सोबतच्या म्हाताऱ्या मोतद्दाराला तो वास ओळखीचा होता. त्याने लोखंडी सळई गंजीत खुपसली, पंधरा मिनिटांनी ओढली आणि माझ्या हातात दिली. मला ती धरवेना.

गंजीचं पोट ५५ अंशांवर गेलं की रोज दोनदा बघायचं. ६५ च्या पुढे दर दोन तासांनी, आणि ८० च्या आसपास अग्निशमन दल दारात आल्याशिवाय एकही गठ्ठा हलवायचा नाही, कारण गंजी उघडली की आत हवा शिरते आणि भडका उडतो. धोका बांधल्यानंतरचे पहिले सहा आठवडे. आमची गंजी वाचली, पण मधले गठ्ठे तंबाखूच्या रंगाचे निघाले. एका गिऱ्हाइकाने तेही मागितले, "घोडा आवडीने खातो" म्हणून. खातो, गोड लागतं. पण त्यातली प्रथिनं उष्णतेने पचेनाशी झालेली असतात. दिले नाहीत, खड्ड्यात टाकले.

आणि माल बदलणार असेल तर गिऱ्हाइकाला दोन आठवडे आधी सांगा. शेवटचे थोडे जुने गठ्ठे प्रत्येकाला वाटून द्या, मिसळण्यापुरते. सगळे एकालाच विकले, तर बाकीच्यांचे फोन रात्री मला येतात.