पाऊस धरायच्या आत गोठ्यातली टीबी तपासून घ्या

मृग निघाला की राधानगरी, गगनबावड्याकडची जनावरं दोन-तीन महिने गोठ्यातच अडकतात. झड आत येऊ नये म्हणून खिडक्यांना पोती लागतात आणि एकाच दावणीला नाकाला नाक लावून गाई-म्हशी उभ्या राहतात. क्षयाचा जंतू मुख्यतः श्वासातून पसरतो, त्याला आणखी काय पाहिजे! तेव्हा तपासणी मे महिन्यातच उरकावी.

लक्षणं दिसायची वाट बघू नका. वैरण-पेंड पोटभर खाऊनही जनावर खंगतं, पहाटे कोरडं खोकतं, गळ्याखाली गाठी येतात. पण तोवर शेजारच्या दाव्यापर्यंत रोग गेलेला असू शकतो. कितीतरी बाधित म्हशी धडधाकट दिसतात, दूधही बरं देतात.

तपासणी सोपी आहे, फक्त डॉक्टरांना दोनदा यावं लागतं. मानेवरचे केस कापून कातडीची जाडी मोजतात, कातडीतच ट्यूबरक्युलिन (क्षयाच्या जंतूपासून काढलेला चाचणीचा अर्क) टोचतात आणि ७२ तासांनी पुन्हा मोजतात. जाडी ४ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त वाढली तर जनावर बाधित धरतात. वाढ २ ते ४ मिलिमीटरच्या मधली असेल तर ते संशयित. त्याची ४२ दिवसांनी फेरतपासणी. या तीन दिवसांत सुजेवर हळद-तेल चोळू नका (आपल्याकडं ही खोड फार). नुकत्याच व्यालेल्या जनावरात रोग असूनही सूज येत नाही असं घडतं, म्हणून व्यायल्याची तारीख डॉक्टरांना आठवणीनं सांगा. स्टिरॉइडचं इंजेक्शन झालं असेल तर तेही.

निकाल हातात येईपर्यंत गोठ्यातून जनावर बाहेर नाही, बाहेरचं आत नाही. रेड्याकडं नेणं नाही, पाणंदीच्या हौदावर सोडणं नाही. बाधित निघालं तर वेगळा गोठा, वेगळी बादली, त्याच्या धारा सगळ्यात शेवटी. वासरू, रेडकू त्याला पाजू नका. बाजारात काढून मोकळं व्हायचा मोह होतो. ६०-७० हजारांची म्हैस बसून कोण सांभाळणार, हेही खरं. पण ती दुसऱ्याच्या दावणीला बांधणं म्हणजे त्याचं घर बुडवणं. शिवाय जनावरांच्या सांसर्गिक रोगांसाठीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याच्या यादीत गाई-म्हशींचा क्षयरोग आहे: माहिती देणं आणि जनावर वेगळं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. गोठ्यात औषधं देत बसण्यातही अर्थ नाही. उपचार लांबतो आणि जंतू औषधाला दाद देईनासा होतो.

हरियाणाची मुऱ्हा म्हैस आणणार असाल तर हेडीच्या (जनावरांच्या दलालाच्या) शब्दावर जाऊ नका. कानातला १२ अंकी बिल्ला आणि टीबीचा दाखला आधी बघा. आणल्यावर वेगळी बांधा आणि साधारण दोन महिन्यांनी पुन्हा तपासा, मगच दावणीला घ्या.

चिखली, आंबेवाडी, शिरोळकडच्यांनी पुराचाही विचार आत्ताच करावा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात जिथं जागा मिळाली तिथं जनावरं बांधली गेली. बाधित जनावर कुठं न्यायचं हे पाणी पात्राबाहेर पडल्यावर सुचत नाही.

आता दुधाचं. कट्ट्यावर समोर धार काढून फेसाळता पेला प्यायचा, ही कोल्हापूरची हौस. मलाही ती सोडवत नव्हती. पण न तपासलेल्या म्हशीचं धारोष्ण दूध तालमीतल्या पोराला देऊ नका. उकळी आली की जंतू मरतो. घरात कुणाला दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासा आणि घरी जनावरं आहेत हे डॉक्टरांना सांगा, कारण गाईकडून येणाऱ्या जंतूवर पायराझिनामाइड हे नेहमीचं औषध चालत नाही. उलटही होतं: माणसाची टीबी जनावराला लागते. त्यामुळं आजारी माणसानं धारा काढू नयेत.

तपासणीसाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नाव नोंदवा किंवा १९६२ वर फोन करा. गल्लीतल्या चार-पाच गोठ्यांनी मिळून बोलावलं तर डॉक्टरांच्या दोन फेऱ्यांत सगळ्यांचं काम होतं.