घरी पाहण्यासाठी तीन अलीकडचे चित्रपट

उन्हाळ्यात जळगाव, धुळ्याकडे दुपारी घराबाहेर पडणे अवघड होते, तेव्हा सर्वांनी मिळून पाहण्यासाठी चित्रपट निवडायचा असल्यास सुरुवात जयंत सोमलकर दिग्दर्शित ‘स्थळ’पासून करावी. विदर्भातील कापूस उत्पादक शेतकऱ्याच्या शिकणाऱ्या मुलीला पाहायला येणारी मंडळी उंची, रंग, शिक्षण असे तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, आणि कापसाच्या भावावर लग्नाचा खर्च ठरणारी ही गोष्ट खान्देशातील घरांनाही अनोळखी वाटणार नाही. लग्नाचे वय झालेल्या मुलामुलींनी तो आईवडिलांसोबतच पाहावा, असे मला मनापासून वाटते, कारण जे घरात बोलले जात नाही ते या चित्रपटानंतर सहज बोलता येते.

दुसरा चित्रपट रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’. खान्देशच्या वेशीवरील मालेगावात नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी तुटपुंज्या साधनांत चित्रपट कसे बनवले, याची ही सत्यकथेवर आधारित मांडणी आहे; तो आवडल्यास त्याच मंडळींवरील 2008 चा माहितीपट ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ही अवश्य पाहावा. किरण राव यांचा ‘लापता लेडीज’ (2024) आजीपासून नातवंडांपर्यंत सर्वांना चालेल.

वीज किंवा इंटरनेट कधी जाईल याचा भरवसा नसल्याने, ॲपमध्ये सोय असेल तर चित्रपट आदल्या रात्रीच मोबाइलवर डाउनलोड करून ठेवावा.