डायलिसिस चालू असताना बेडवरच व्यायाम कसा करायचा

मशीनला लागलं की चार तास निस्तं पडून राहायचं, मोबाईल पाहायचा नाहीतर झोपायचं, बहुतेक पेशंटचं असंच चालते. आमच्याकडे अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात किडनीचे पेशंट गावोगावी आहेत, आठवड्यातून दोन-तीनदा एसटीनं जिल्ह्याला जायचं, घरी आले की अंगात त्राण नाही, मग मांड्या वाळतात अन् बसची पायरी चढायलाही कोणाचा तरी हात लागतो. पण ते चार तासच पाय चालवायला कामी येतात, सायकलबियकल नसली तरी चालते.

पहिले डॉक्टरला विचारा, आणि दर वेळी सुई लावताना सिस्टरला सांगा की आज पाय हालवणार आहे. 2016 पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात गरिबांना डायलिसिस फुकट मिळते हे खरं, पण फिजिओथेरपीवाला तुमच्या बेडपाशी येईल याची वाट पाहत बसू नका बाप्पा. ताप, छातीत दुखणं, दम लागणं, बीपी फार वर नाहीतर खाली, दोन डायलिसिसच्या मधात वजन खूप वाढलेलं, मागची डायलिसिस बुडालेली, यातलं काही असलं तर त्या दिवशी राहू द्या. इन्सुलिनवाल्यांनी आधी शुगर तपासून घ्यावी.

वेळ महत्त्वाची. पहिल्या दोन तासातच करायचं. मशीन जसजसं अंगातलं पाणी काढते तसतसा बीपी उतरायला लागते, शेवटी शेवटी व्यायाम केला की चक्कर येते, गोळे येतात.

फिस्टुलाचा हात, म्हणजे डायलिसिसची सुई लावायला ऑपरेशन करून नस जोडलेला हात, हालवायचा नाही म्हणजे नाही! सुई सरकली तर हात फुगते, रक्त जाते. आणि सुई लावलेली जागा चादरीखाली झाकू नका, सिस्टरला दिसली पाहिजे. हाताऐवजी जांघेत डायलिसिसची नळी असेल तर त्या बाजूचा पाय वाकवायचा नाही, डॉक्टर सांगतील तेवढंच.

आता सुरुवात घोट्यापासून. दोन्ही पंजे स्वतःकडे ओढा, मग खाली दाबा, दहा वेळा, पोटरी ताणल्यासारखी वाटली पाहिजे. मग दुपट्ट्याची घट्ट गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवा आणि गुडघ्यानं ती गादीत दाबून धरा, तोंडानं पाच आकडे मोजा, सोडा. दिसायला काहीच नाही, पण बरोबर जमलं तर मांडीवर हात ठेवल्यावर स्नायू दगडासारखा लागते, मऊच लागला तर तुम्ही नुसती टाच रेटून रायले. त्यानंतर टाच गादीवरून घासत बुडाकडे आणा, परत लांब करा. शेवटी एक गुडघा वाकवून दुसरा पाय सरळ वीतभर उचला. श्वास रोखायचा नाही, मोठ्यानं मोजलं की आपोआप रोखल्या जात नाही. मोकळ्या हातात रबरी बॉल दाबला तरी चांगलं, पण त्या हाताला बीपीचा पट्टा असेल तर मोजून होईपर्यंत थांबा.

पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं पुरे, मग हळूहळू वाढवत अर्ध्या तासापर्यंत, मधात थांबत थांबत. जोर किती लावायचा? बाजूच्या बेडवाल्याशी गप्पा मारता आल्या पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा. सेंटरवर बेडला लावायचं पायडल असलं तर सुरुवातीला लोड न लावता फिरवा.

छातीत दाटलं, डोळ्यापुढं अंधारी आली, धडधडलं, गोळा आला, सुईपाशी दुखलं की लगेच थांबायचं आणि आवाज द्यायचा, लाजायचं काऊन? आणि उन्हाळ्यात घाम गेला म्हणून लोटाभर पाणी प्यायचं नाही, डॉक्टरनं ठरवून दिलं तेवढंच, फार तर चूळ भरून टाका.

मशीन सुटल्यावर व्यायाम नाही. पाय खाली सोडून थोडा वेळ बसा, उभं राहून बीपी पाहून घ्या, मगच बसस्टॅंडकडे निघा.