अर्जुनसालीचा क्षीरपाक घरी कसा करावा

वैद्यांनी ‘अर्जुनाचा क्षीरपाक घ्या’ म्हटलं की बरेच जण कपभर गरम दुधात चमचाभर चूर्ण ढवळून पितात. तो क्षीरपाक नव्हे. अकराव्या शतकातल्या ‘चक्रदत्त’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात हृदयरोगासाठी सांगितलंय ते सालीने ‘सिद्ध’ केलेलं दूध, म्हणजे साल घालून आटवलेलं.

काष्ठौषधींच्या दुकानात अर्जुनसाल (आपला अर्जुनसादडा) भरड मागा. वस्त्रगाळ चूर्ण नको, ते गाळणीतून उतरतं आणि घशात बसतं. अख्खी साल मिळाली तर उत्तम. बाहेरून गुळगुळीत राखाडी, आतून गुलाबीसर असते. जिभेला लावा, तुरट लागली पाहिजे.

प्रमाण १:८:३२. म्हणजे ५ ग्रॅम भरड, ४० मिली दूध, १६० मिली पाणी. आधी नुसतं दूध पातेल्यात ओता, लाकडी चमचा उभा बुडवा आणि ओल्या रेघेवर पेन्सिलीने खूण करा. मग भरड आणि पाणी घालून मंद आचेवर ठेवा. मधूनमधून ढवळत राहा, तळाला लागू देऊ नका. आच मोठी केली की दूध फाटायची भीती. खुणेपर्यंत आटलं की पाणी गेलं, दूध उरलं. गाळून कोमट प्या. रंग फिकट चहासारखा येतो. खडीसाखर चालेल, मधुमेह असेल तर तीही नको. रोज ताजं करा. किती दिवस घ्यायचं, ते वैद्य ठरवतील.

फायदा किती? स्थिर अंजायनाच्या (श्रम केले की छातीत दुखतं, थांबलं की कमी होतं) रुग्णांवर भारतात झालेल्या छोट्या चाचण्यांत छातीतलं दुखणं कमी झालेलं दिसलं. हृदयाचा पंपच कमजोर झालेल्यांवरच्या एका चाचणीत मात्र पंपाची ताकद वाढली नाही. त्यामुळे ब्लॉकेज विरघळतात वगैरे व्हॉट्सअ‍ॅपवरचं खरं धरू नका, चालू गोळ्या बंद करू नका. रक्त पातळ करणाऱ्या किंवा बीपीच्या गोळ्या असतील, ऑपरेशन ठरलं असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि छातीत दाटून घाम फुटला, तर पातेलं चढवत बसू नका, १०८ला फोन लावा.

हो, लोखंडी कढई घेऊ नका. सालीतल्या तुरट द्रव्यामुळे दूध काळपट पडतं. स्टीलचं जाड बुडाचं पातेलंच बरं.