जुन्या काउबॉय हॅट जमवताना या चुका टाळा

जुनी काउबॉय हॅट हाती आली की लोक आधी ती डोक्यावर चढवून बघतात. मी आधी उलटी करतो. टेक्सासात राहून इतकी वर्षं या हॅट जमवतोय, आणि जिथे जिथे फसलो तिथे आत नीट पाहिलेलंच नव्हतं.

हॅटवरचं ‘स्टेटसन’ हे कंपनीचं नाव म्हणजे जुनेपणाचा दाखला नव्हे. जॉन बी. स्टेटसन यांनी १८६५ साली फिलाडेल्फियात हॅटचा धंदा सुरू केला. तिथला कारखाना १९७१ साली बंद झाला, पण नाव चालू राहिलं. डॅलसजवळच्या गार्लंडमध्ये पुढेही त्या नावाच्या हॅट बनत राहिल्या. अस्तरावरचं, हॅटमधून घोड्याला पाणी पाजणाऱ्या काउबॉयचं चित्रही नव्या मालात सापडतं.

सगळ्यात जास्त पैसे जातात ते हॅटमध्ये छापलेल्या, ‘५एक्स’सारख्या ‘एक्स’च्या आकड्यावर. ही फेल्टच्या, म्हणजे फरचे केस दाबून केलेल्या कापडाच्या, दर्जाची खूण खरी, पण तिला सगळ्या कंपन्यांना लागू असं एकच माप नाही, आणि काळाबरोबर आकडे फुगत गेले. त्यामुळे जुनी ५एक्स आजच्या ५एक्सपेक्षा कितीतरी सरस निघते. आकडा बाजूला ठेवा, काठावरून अंगठा फिरवा. बीव्हर या पाण्याकाठच्या प्राण्याच्या फरचं चांगलं फेल्ट पातळ असूनही अंग धरून असतं, आणि त्याची लव हाताला मऊ लागते.

खरी माहिती असते आतल्या चामडी पट्टीमागे: मापाची चिठ्ठी, कधी कामगार संघटनेचं लेबल. ‘युनायटेड हॅटर्स ऑफ नॉर्थ अमेरिका’ असं छापलेलं लेबल असेल तर हॅट साधारण १९३४ च्या आधीची समजावी, कारण त्या वर्षी ही संघटना दुसरीत मिसळून नाव बदललं. पण हे पाहताना घाई नको. एकदा मी पट्टी बोटाने सरळ बाहेर उलटवली आणि ती वाळक्या पापडासारखी कडकन मोडली. आता आइस्क्रीमची चपटी काडी घालतो, चामडं देईल तेवढंच उचलतो, टॉर्च मारून फोटो काढतो. पट्टीला तेल चोपडू नका. ते फेल्टमध्ये उतरतं आणि डाग जात नाही.

आता जिवाची गोष्ट. केस एकमेकांत घट्ट गुंतावेत म्हणून पूर्वी फरला पाऱ्याचं संयुग लावत. कनेटिकटमधल्या डॅनबरीच्या कामगारांना त्यापायी हात थरथरण्याचा आजार जडे. अमेरिकेत हा वापर १९४१ साली थांबला. त्याआधीच्या फेल्टमध्ये पारा उरलेला असू शकतो, म्हणून अशा हॅटला घरात किटलीची वाफ देऊन आकार द्यायला जाऊ नका. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, मुलांच्या डोक्यावर ती घालू नका. तसंही माथ्यावरच्या जुन्या चुण्या मोडू नयेत. स्टेटसनची पहिली ‘बॉस ऑफ द प्लेन्स’ गोल माथ्याची, सपाट काठाची होती. खळगे पाडले ते वापरणाऱ्यांनी, आणि त्यातच त्या माणसाचा हात दिसतो.

उन्हात उभ्या गाडीत हॅट ठेवली तर चामडं आकसून माप लहान होतं. काठावर टेकवून ठेवली तर काठ चपटा होतो. माथा खाली करून ठेवा. कसर दिसली तर पिशवीत बंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये, आणि बाहेर काढल्यावर खोलीइतकी कोमट होईस्तोवर पिशवी उघडायची नाही.

आणि पावसाळ्यात गावी नेणार असाल तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका. कोकणात काकांकडे एक हॅट मी तशीच ठेवली होती. जुलैअखेर पिशवी सोडली तर माथ्यावर पांढरी बुरशी. ओसरीवर सावलीत चार दिवस वाळवली, मग मऊ ब्रशने लवेच्या दिशेने झाडली. बुरशी गेली, पण उजव्या बाजूला रुपयाएवढा फिका ठिपका राहिला आहे.